मधला आकडा

ग्रंथपालांनी खडू आडवा धरून ऐरणीच्या कुशीवर घासला, तसे गंजात बुडालेले तीन आकडे पांढरे होऊन वर आले. एक, दोन, सात. मधला दोनच होता.

या मधल्या आकड्यापायी त्यांनी आठ महिने एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पत्र लोहाराच्या मुलीचं, सोबत कागदावर पेन्सिल घासून उतरवलेला छाप. जुन्या हत्यारांवरच्या खुणांबद्दल त्यांनी कधीकाळी एक पुस्तिका लिहिली होती, ती तिला रद्दीत सापडली होती. 'ऐरण कधीची, किती मोलाची?' तिने विचारलं होतं. 'गिऱ्हाईक म्हणतं, वरचा माथा मशीनवर सपाट करून आणा, मग घेतो. झटका आल्यापासून बाबांना बोलता-वाचता येत नाही. विचारलं की मान हलवतात, पण हो की नाही ते कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करते.'

उत्तर त्यांनी त्याच दिवशी लिहिलं होतं. पण छापातला मधला आकडा पुसट होता. एक म्हणावा की दोन? आपलं चुकलं तर? पत्ता घातलेलं पाकीट त्यांनी शब्दकोशात ठेवून दिलं. मग उशिराची लाज वाटू लागली आणि लाजेपायी आणखी उशीर झाला. आज शेवटी ते स्वतःच ऐरण बघायला आले होते, आणि ते पाकीट कोटाच्या खिशात होतं.

"पत्राच्या आधी तुम्हीच पोचलात, काका," मुलगी म्हणाली. "आता कशाला टपालाचा खर्च?"

ग्रंथपाल ओशाळून हसले. त्यांची नजर ऐरणीच्या माथ्यावर गेली. तो आरशासारखा लखलखत होता.

"हा माथा..."

"करून आणला. दोन महिने तुमची वाट बघितली. म्हटलं, जाणता माणूस आहे. काही वावगं असतं तर कळवलं असतं."

"आणि गिऱ्हाईक?"

"आलं, माथ्यावर एक पोलादी छर्रा टाकून किती उडतो ते बघितलं आणि भंगाराचा भाव सांगून गेलं. लबाड कुठलं! म्हणून तर तुम्हाला बघून जिवात जीव आला. चार पैसे आले की बाबांना बोलायला शिकवणारी बाई लावायचीय."

ग्रंथपालांनी खिशातून पोलादी छर्रा काढला. वीतभर उंचावरून सोडला. चांगली ऐरण तो जवळजवळ हातात परत देते. हा बोटभर उडाला आणि ठप्प झाला. भिंतीशी बाजेवर पडलेल्या लोहाराने तोंड फिरवलं.

"मशीनवरून ऐरण परत आणल्यापासून असंच करतात," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "आधी दिवसभर तिच्याकडे बघत बसायचे. टेंपो न्यायला आला तेव्हा तर काय मान हलवली! मला वाटलं, खूश झालेत."

"वजन किती भरलं?"

"त्र्याहत्तर किलो."

कुशीवरचे आकडे मूळ वजनाचे होते: पहिला एकशेबारा रत्तलांचा, म्हणजे पौंडांचा, दुसरा अठ्ठावीसच्या पटीत, तिसरा सुटा. म्हणजे एकोणऐंशी किलो हवी. सहा किलो गेले होते. मऊ लोखंडाच्या धडावर बसवलेली कडक पोलादाची पट्टी. ऐरणीचा सगळा जीव तेवढाच, आणि त्याचाच कीस पडला होता.

"मग? आहे ना मोलाची?"

ग्रंथपालांनी खडूचे हात रुमालाला पुसले. पुन्हा पुसले.

"पत्राने कळवतो."

"बघा हं, परत आठ महिने नकोत," ती हसून म्हणाली.

निघताना त्यांनी बाजेकडे पाहिलं. लोहाराची नजर त्यांच्या मुठीतल्या छर्ऱ्यावर खिळली होती.

टपाल कचेरीच्या बाकावर बसून त्यांनी जुनं पाकीट फोडलं. पहिलीच ओळ होती: 'माथा अजिबात कापू देऊ नका.' त्याच कागदावर त्यांनी खाली लिहिलं: 'हे आठ महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. भित्रेपणामुळे पाठवलं नाही. तुम्ही मान हलवून नाही म्हणत होतात. तुमचं बरोबर होतं. दोष माझा.'

पाकिटावरचं मुलीचं नाव खोडून त्यांनी लोहाराचं लिहिलं. डिंक लावला, तिकीट दाबलं.

पेटीशी पोचल्यावर त्यांचा हात थांबला. लोहाराला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवणारं घरात एकच माणूस होतं.

मागे कोणीतरी खाकरलं. ग्रंथपालांनी पाकीट आत सोडलं.