रेक्झिनचा हात

चैत्रातलं ऊन दुकानात शिरलं की आधी रेक्झिन तापायचं आणि त्या उग्र वासात सलीमचाचांच्या शिलाई मशीनची संथ लय मिसळून जायची. पिंपरीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर ते गाड्यांची सीट कव्हरं शिवत. टाळेबंदीत गाड्या थांबल्या, मशीनही थांबलं. चाचा मात्र शटर अर्धं उघडून, कात्री मांडीवर घेऊन रिकामा रस्ता न्याहाळत बसत.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेज मोबाइलच्या पडद्यावर आलं होतं आणि पडद्यावर काही शीर हाताला लागत नाही. महिन्याभरात कोविड वॉर्डात उभं राहायचं होतं, आणि जिवंत हातात मी एकदाही सुई घातली नव्हती. हे मी जिन्यात बसून रडत आईला सांगत होते, ते चाचांनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एक हात शिवून दिला. आत फोम, वर गव्हाळ रेक्झिन, मध्ये गाडीच्या काचेवर पाणी उडवणारी बारीक रबरी नळी, बिटाच्या पाण्याने भरलेली. मनगटाच्या वळ्यासुद्धा त्यांनी टाके घालून आणल्या होत्या.

आठवड्याभरात शीर बिनचूक सापडू लागली आणि मी जरा हवेत गेले. चाचा मात्र आमच्या घराच्या उंबऱ्यापलीकडून बघत, मी सुई टोचली की दर वेळी 'स्स्' करत स्वतःचा हात मागे घेत. एकदा मी वैतागले.

"चाचा, रेक्झिनला काय दुखतंय?"

"त्याला नाही दुखत, बेटा, म्हणून मी दुखून घेतो. ज्याला टोचशील त्याला आधी सांगत जा."

वॉर्डात माझा पहिला रुग्ण चाकणच्या कंपनीतला एक कामगार होता, धाप लागलेला, डोळ्यांत भय दाटलेलं. दोन हातमोजे चढवलेली बोटं मी त्याच्या मनगटावर टेकवली. "दादा, आता टोचतेय हं," मी म्हणाले. त्याने मान हलवली, हात सैल सोडला आणि पहिल्याच प्रयत्नात शीर मिळाली. चष्म्याआड माझे डोळे भरून आले ते चाचांच्या आठवणीने.

आता मी शिकवते. वर्गात प्लास्टिकचे सुबक, महागडे हात आहेत, आणि तेही मुकेच. चाचा जाऊन दोन वर्षं झाली, दुकानात दुसरं कुणी आलं. तरीही एखादी मुलगी न सांगता सुई टोचते, तेव्हा परक्याचं दुखणं आधीच सोसून घेणारा तो माणूस माझ्या ओठांतून 'स्स्' करत श्वास आत ओढतो.