नऊ नंबरच्या पेटीतलं एक मत

माझ्या बायकोने, डिम्पनाने, काउन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं ते बसच्या एका थांब्यावरून. शाळेची बस ती एकवीस वर्षं चालवते. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी, डांबराच्या कडेला, मॉन्गन कुटुंबाच्या तीन कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, अकरा वर्षं उभ्या होत्या. फिरस्त्या जमातीचे लोक. फिरणं कधीच संपलेलं, नाव तेवढं चिकटून राहिलेलं. त्यांची चार पोरं भर पावसात अर्धा मैल चालत ठरलेल्या थांब्यावर यायची, म्हणून डिम्पना बस त्यांच्या दाराशीच थांबवू लागली. कुणीतरी वर कळवलं. तिला पत्र आलं, की मंजूर थांब्याखेरीज बस कुठेही थांबवू नये. त्याच पत्राच्या कोऱ्या बाजूवर तिने स्वयंपाकघरात बसून आपला जाहीरनामा लिहिला.

जाहीरनामा कसला, बाईने मनात साठलेलं सगळं एकदम ओतलं होतं. अपंग मुलाला सांभाळणाऱ्या आईचा भत्ता नवऱ्याच्या पगाराकडे बघून कापू नये. नन्सच्या जुन्या कॉन्व्हेंटमध्ये कोंबलेल्या निर्वासितांना आल्या दिवसापासून काम करू द्यावं. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आदल्या दिवशी फोन न करता बसमध्ये चढता आलं पाहिजे. असं बरंच काही. आणि सगळ्यांच्या वर, पहिलं कलम: आमच्या रस्त्याच्या टोकाला काउन्सिलचं जे शेत रिकामं पडलंय, त्यात मॉन्गन कुटुंबासाठी चार पक्की घरं बांधावीत. शेत त्याच कामासाठी घेतलेलं होतं, आणि घेऊन नऊ वर्षं झाली होती.

"हे पहिलं कलम सातवं कर," मी म्हटलं.

"का रे?"

"सातव्यापर्यंत कुणी वाचत नाही."

"म्हणूनच ते पहिलं आहे," ती म्हणाली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "टाईप करून दे. आणि स्वतःच्या पदरचं काही घालू नकोस."

माझा सल्ला अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखा नव्हता. चौतीस वर्षं मी आमच्या घरच्या पक्षासाठी रेघा मारल्या आहेत. आमच्याकडे मतपत्रिकेवर शिक्का नसतो, नावांपुढे पसंतीने एक, दोन, तीन असे आकडे घालतात; एक म्हणजे पहिलं मत. मतमोजणीच्या दिवशी पेट्या उघडतात, सरकारी माणसं एकेक मतपत्रिका उलगडून तोंड वर करून ठेवतात, आणि कठड्याच्या अलीकडून आम्ही बगळ्यासारख्या माना लांब करून कुणाच्या नावापुढे एकचा आकडा आहे ते बघतो आणि कागदावर त्याच्या नावाने रेघ ओढतो. कुठल्या पेटीत कुठल्या रस्त्याची मतं, हे आम्हाला पाठ असतं. मत गुप्त असतं, पेटी नसते. जेवायच्या आत आम्ही सांगू शकतो, की कुठल्या वळणापलीकडे माणसं फितूर झाली.

पक्षाला मी कळवलं, की या वेळी मी बायकोच्या बाजूने. ते हसले. "घरात राहायचंय ना तुला," म्हणाले.

मे महिन्यात आम्ही दोघं दारोदार फिरलो. आमच्या रस्त्यावर आमचं सोडून आठ घरं. पहिलंच जोसी टायर्नीचं. ही विधवा बाई डिम्पनाच्या आईची मैत्रीण. तिने जाहीरनामा हातात घेतला, पहिल्या ओळीवरून नजर फिरवली आणि घडी घालून एप्रनच्या खिशात टाकला.

"अगं, तुला नाही तर काय त्या फिन्टन कॉईलला देऊ? पोस्टरवर तोंड बघितलंस त्याचं? दातसुद्धा दुसऱ्याचे वाटतात."

"मग पहिलं मत मला, जोसीमावशी?"

"विचारतेस काय? बस, चहा टाकते."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही तेच. तू किती राबतेस गं, तुझ्यासारखी हवीत माणसं, बिस्किट घे. आठ घरं, आठ चहा. परतताना डिम्पना बोटांवर मोजत होती. "एकोणीस मतं, मॅटी! आपल्या एका रस्त्यावर एकोणीस. आपली दोन धरून एकवीस."

माझ्या धंद्यातलं एक साधं शहाणपण आहे. दारात उभा राहून जो तुमच्याशी भांडतो, तो निदान विचार करतोय. जो हसून चहा पाजतो, त्याचं मत केव्हाच दुसरीकडे गेलेलं असतं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा माणसं मरण पत्करतील. आठ चहा प्यायलो तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंच होतं म्हणा. पण तिचं तोंड इतकं उजळलं होतं, की मी गप्प बसलो.

मॉन्गन घराण्यातली थोरली म्हणजे विनी, सत्तरीची. तिची आणि तिच्या मुलासुनांची मिळून आठ मतं होती, पण नावं गावातल्या महिला केंद्राच्या पत्त्यावर, म्हणून ती गावच्या पेटीत जाणार. रस्त्याच्या कडेला पत्ता नसतो. विनी अंगात कोट चढवून कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसायची आणि आम्ही दिसलो की ओरडायची, "झालं का गं पोरी, राणी झालीस का?"

"अजून नाही, विनी."

"लवकर हो. माझी छाती आणखी एक हिवाळा काढायची नाही इथे."

हे ती हसत म्हणायची, पण तिचा खोकला आम्हाला घरापर्यंत ऐकू यायचा.

मतदान शुक्रवारी, गावाबाहेरच्या प्राथमिक शाळेत. डिम्पना सकाळीच जाऊन आली. मी संध्याकाळी गेलो. आडोशामागे दोरीने बांधलेली पेन्सिल, समोर यादी. डिम्पनाचं नाव खालून तिसरं, बाजूला तिचा फोटो, माझ्या बहिणीच्या लग्नातला.

आता खरं सांगतो. मला विनीचा राग नव्हता. ती दाराशी आली तर मी तिला चहा दिला असता, दिलाही होता. पण ती दाराशी राहायला येणार, हे मला नको होतं. त्या शेताची कड माझ्या कुंपणाला लागून आहे. चार घरं म्हणजे घोडे, कुत्री, जळणाचा धूर, आणि दर नाताळला आणखी चार नातेवाईक, असं माझा बाप म्हणायचा. तेच मी त्या आडोशामागे मनात म्हणत होतो, आणि आवाजही त्याचाच लागत होता. फिन्टन कॉईल आमच्या पक्षाचा. त्याने शब्द दिला होता, की ते शेत तो फुटबॉल क्लबला देईल.

आणि मी हिशेब केला. चौतीस वर्षांचा रेघा मारणारा मी! एकवीस मतं आहेत, त्यातली दोन-चार गळतील, सतरा राहतील. सतराची सोळा झाली तर कुणाला कळणार? ती निवडून येणार नाहीच. निदान आपल्या रस्त्यावर तिची लाज राहील, ती शेजाऱ्यांच्या जिवावर. मी फिन्टनपुढे एक घातला, तिच्यापुढे दोन. दोनसुद्धा प्रेमाने घातला, याचं आता हसू येतं.

शनिवारी सकाळी क्रीडा संकुलात मोजणी. रिवाज असा, की आपल्या भागाच्या पेटीवर आपण उभं राहायचं, कारण ती आपल्याला ओळखीची. नऊ नंबरची पेटी माझ्याकडे आली. जोडीला दुसऱ्या पक्षाचा, लॉरी नावाचा माणूस, माझ्याइतकाच जुना. तो नावं वाचणार, मी रेघा ओढणार.

"फिन्टन," लॉरी म्हणाला. "फिन्टन. ती डॉक्टरीणबाई. फिन्टन. फिन्टन. डिम्पना."

मी मान उंचावून बघितलं. तिचा एकचा आकडा मी ओळखतो. खाली आडवा पाय काढते ती. मी रेघ ओढली. म्हटलं, सुरुवात तर झाली.

"फिन्टन. फिन्टन. डॉक्टरीणबाई."

आमचा रस्ता आणि आजूबाजूचे मिळून पेटीत एकशे चार मतं होती. पन्नास झाली तरी तिच्या नावापुढे ती एकच रेघ. सत्तरीला पोचलो तेव्हा मी देवाची करुणा भाकत होतो: जोसीचं तरी येऊ दे. पलीकडच्या म्हाताऱ्याचं येऊ दे. कुणाचंही चालेल, एक येऊ दे, म्हणजे मी त्याच्या आड लपेन. त्या आठ घरांतल्या प्रत्येकाने शाळेच्या त्या आडोशामागे अगदी माझाच हिशेब मांडला होता. बाकीचे आहेत की, माझं एक गेलं तर काय!

शेवटची पत्रिका उलगडली. फिन्टन.

लॉरीने माझ्या कागदावर डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मॅटी, घरात तुम्ही दोघं ना रे?"

उत्तराची वाट न बघता त्याने माझ्या हातातला कागद सरळ केला आणि म्हणाला, "चल, दहा नंबरची उघडतायत."

तेवढ्यात डिम्पना आली. कागद घेतला, आपल्या नावापर्यंत बोट नेलं. एका रेघेवर ते बोट थांबलं. तिने कागदाची मागची बाजू पाहिली, तिकडे काही नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने मला रागाने पुष्कळदा पाहिलंय. हे रागाचं नव्हतं. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाचा चेहरा आठवून पाहावा, तसं पाहत होती.

"एक," ती म्हणाली.

मी पेन्सिल खिशात घातली आणि पुन्हा बाहेर काढली.

विनी मॉन्गन कठड्यापर्यंत चालत आली, चांगला कोट घालून, दर चार पावलांवर थांबत. "काय गं पोरी? गावातलं कळलं मला, तिथं माझी माणसं आहेत. आपल्या रस्त्याचं सांग. किती दिली लोकांनी?"

डिम्पनाने कागदाची घडी घातली.

"दोन," ती म्हणाली.

"दोन!" विनी जराशी खचली, मग सावरली. "म्हणजे तुम्ही दोघंच. जाऊ दे. बाकीच्यांना देव पाहून घेईल." तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हात थंडगार होते. "देव तुझं भलं करो, बाबा. सत्तर वर्षांची झाले मी. आमच्यासाठी मत देणारा बाहेरचा पुरुष माणूस आज पहिल्यांदा बघते."

मला हात सोडवता येईना. ती खोकत होती आणि खोकताना माझा हात घट्ट धरत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मला तेव्हा समजलं.

ती गेल्यावर डिम्पना म्हणाली, "तुझ्यासाठी नाही बोलले मी. घरी जाताना त्या रस्त्यावर तिला एक तरी दार आपलं वाटावं, म्हणून बोलले."

तिला एकूण त्रेपन्न मतं पडली. पहिल्याच फेरीत ती बाद झाली आणि फिन्टनला लोकांनी खांद्यावर घेतलं. पुढचं लगेच सांगून टाकतो. जुलैच्या सभेत ते शेत घरांच्या यादीतून निघालं, एकही हात विरोधात वर झाला नाही. आज तिथे फुटबॉलवाल्यांच्या गाड्या उभ्या असतात. ऑगस्टमध्ये मॉन्गनांना हलवलं आणि कॅरॅव्हॅनच्या जागी काउन्सिलने छातीएवढे दगड आणून टाकले, पुन्हा कुणी थांबू नये म्हणून. नोव्हेंबरात विनी गेली, दुसऱ्याच एका रस्त्याच्या कडेला. शाळेची बस आता सरळ मंजूर थांब्यावर जाते.

पण मोजणीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्याकडे माणसांची रीघ लागली. चर्च सुटल्यापासून शेजारी एकेक करून येत होते, हातात सफरचंदाचे टार्ट, मयताच्या घरी न्यावेत तसे. जोसी टायर्नीने तर डोळे पुसले.

"माझं पहिलं मत तुलाच गं, डिम्पना. दुसरं, तिसरं कुणाला दिलंसुद्धा नाही. हे बाकीचे लोक असे कसे निघाले, काही कळत नाही."

"मला माहीत आहे, मावशी," डिम्पना म्हणाली. "बस, चहा टाकते."

आठही घरं येऊन गेली. आठही घरांनी तिलाच मत दिलं होतं. प्रत्येकाला तिने हेच उत्तर दिलं, त्याच आवाजात, आणि प्रत्येकाला चहा दिला. मी कपबशा विसळत मोरीपाशी उभा होतो. कुणाकडे बघायची माझी छाती नव्हती, आणि माझ्याकडेही कुणी बघत नव्हतं.

शेवटचा माणूस गेला. टेबलावर सहा टार्ट होते, एकालाही कुणी हात लावला नव्हता. डिम्पना त्यांच्यावर फडकी टाकत होती.

"डिम्पना," मी म्हटलं, "माझं ऐक. मी—"

"तुलाही तेच सांगायचं असेल," ती वर न बघता म्हणाली, "तर आधी टार्ट घेऊन ये."

ती हसली नाही. मी तिला खरं सांगणार होतो की खोटं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.