नाण्यावर रामनाम

एप्रिलात नवे पैसे निघाले आणि सगळी मुंबई एका आण्याचे सहा की सव्वासहा यावरून भाजीवालीशी भांडू लागली. गिरगावातल्या हेरंबरावांचं दुखणं मात्र निराळंच होतं. नाण्यावर सिंह होते, देवाचं नाव नव्हतं. "जनावरं! सरकारला नाण्यावर घालायला जनावरं सापडली, परमेश्वर सापडला नाही!" असं म्हणत त्यांनी एक मंडळ काढलं. वर लाल शाईत '॥ श्री ॥' छापलेले पाचशे कागद करून घेतले आणि दिल्लीला अर्ज धाडायचा बेत ठरवला. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून शंभरावर माणसं गोळ्या खाऊन मेली होती, त्यांच्या घरची चूल अजून धड पेटत नव्हती, आणि हे गृहस्थ नाण्यावर राम हवा म्हणून दारोदार सह्या गोळा करत होते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय!

निदान सीतारामला तरी असंच वाटायचं. सीताराम नानांच्या बिल्ल्यांच्या कारखान्यात ठसे कोरायचा. पोलादी ठोकळ्यावर अक्षरं उलटी कोरायची, मग दाबयंत्राखाली पत्रा ठेवला की ती सुलटी उठायची. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्च्यांत छातीवर दिसणारे कितीतरी बिल्ले त्याच्या हातचे होते. पण काम असेल त्या दिवशी मजुरी, नसेल त्या दिवशी भोईवाड्यातल्या घरापर्यंत रिकाम्या हाताने पायपीट, असा सगळा प्रकार.

एक दिवस हेरंबराव कारखान्यात आले. अर्जाबरोबर नमुना म्हणून त्यांना 'श्रीराम' कोरलेली दोनशे नाणी हवी होती. नानांनी कारागिराचं नाव सांगताच ते हरखले.

"सीताराम! वा! नावातच देव आहे. याच्याच हातून होऊ दे काम."

सीतारामच्या बापाने हे नाव ठेवलं तेव्हा गावातल्या रामाच्या देवळाची पायरी चढायची बापाला बंदी होती. तरी ठेवलं. बापाच्या त्या भोळेपणाची त्याला कीवही यायची आणि चीडही.

"साहेब," त्याने विचारलं, "नाणं काय, हातभट्टीवाल्याच्या गल्ल्यातपण जातं. तिथं रामाला धाडायचा?"

"अरे, तीच तर नामाची महती!" हेरंबरावांनी बोट वर केलं. "रामनाम असलेला पैसा कुणाच्याही हातात जाऊ दे, बाटत नाही. उलट तो हातच पवित्र होतो."

असं वाक्य बोलायला माणसाला काही पैसे पडत नाहीत. पण जाता जाता हेरंबराव कामाचंही बोलले. त्यांचा साडू वडाळ्याच्या एका कारखान्यात मॅनेजर होता आणि तिथे ठसे कोरणाऱ्याची कायमची जागा रिकामी होती. "पहिलं नाणं दसऱ्याला तू स्वतः घरी घेऊन ये. पत्र लिहून ठेवतो. माझा शब्द साडू खाली पडू देणार नाही."

कायमची जागा. महिन्याचा पगार. ते ऐकल्यावर सीतारामच्या डोळ्यांपुढून काही वडाळा हलेना.

कांताला, त्याच्या बायकोला, हे पटलं नाही. "डिसेंबरात दीक्षा घेताना काय काय बोललात, विसरलात? रामाला देव मानणार नाय म्हणालात. आणि आता त्याचं नाव कोरताय?"

"कोरतोय. हातोडी मारतो, हात नाय जोडत."

"आणि त्यांना कळलं आपण कोण, तर?"

"त्यांना नाणं पायजे, मला नोकरी पायजे. मधी जात कुठनं आली?"

हे बोलताना आपण स्वतःलाच थापा मारतोय हे त्याला कळत होतं. पण महिन्याच्या पगारासाठी माणूस याहून मोठ्या थापा मारतो. त्याने चार दिवस डोळे फोडून ठसा कोरला. असं सुबक काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, याचाच त्याला जास्त राग आला.

दसऱ्याच्या सकाळी तो गिरगावात हेरंबरावांच्या दारात उभा राहिला. हेरंबराव सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून, पत्र हातात घेऊन वाटच बघत होते.

"ये, ये, आत ये! तुझ्याच हातून देवापुढे ठेवू. बरं, तुमचं कुलदैवत कोणतं रे?"

सीताराम थबकला. खंडोबा म्हटलं असतं तर भागलं असतं. बापाचा होताच. पत्र समोर दिसत होतं. कांताही डोळ्यांपुढे आली.

"आता कुठलंच नाय," तो म्हणाला. "डिसेंबरात आम्ही बौद्ध झालो."

हेरंबरावांचं हसू तोंडावरच वाळलं. ते पाऊलभर मागे सरले. "असं होय... मग राहू दे. तिथेच उंबऱ्यावर ठेव."

सीतारामने नाणं उंबऱ्यावर ठेवलं. हेरंबरावांची बायको मीनाक्षी तांब्या घेऊन आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने बोटांनी नाण्यावर पाणी शिंपडलं, अगदी सवयीने, तुळशीला घालावं तसं. मग हेरंबरावांनी ते ओलं रामनाम उचललं आणि डोळ्यांना लावलं.

"मी असले भेद मानत नाही हो," ते म्हणाले आणि पत्रही वाकून उंबऱ्यावर ठेवलं. "शब्द दिला तो दिला. उचल."

सीतारामला एकदम त्या माणसाची किळस आली. राग परवडला असता. ज्या नावाने हा सगळा देश पवित्र करायला निघाला होता, त्या नावाला आपल्या दारात याने आंघोळ घातली, आणि ते याच्या लक्षातसुद्धा आलं नाही!

"वहिनी," त्याने ओंजळ पुढे केली, "थोडं पाणी घाला."

तिला वाटलं तहान लागली असेल. तिने वरून धार सोडली. सीतारामने ओंजळ भरून घेतली आणि सगळंच्या सगळं पाणी पत्रावर शिंपडलं.

"अरे, हे काय करतोस!" हेरंबराव ओरडले.

"तुमच्या हातचं हाय ना साहेब. तसंच कसं उचलू?"

निथळता कागद उचलून तो जिना उतरला. चर्नी रोडपर्यंत त्याची छाती ताठ होती. परळ येईपर्यंत वडाळा पुन्हा डोळ्यांपुढे आला.

घरी कांताने कागद उलगडला. हेरंबरावांच्या टाकाची निळी शाई फुटून नुसता ओघळ झाला होता. साडूचं नाव गेलं, सीतारामचं गेलं, खालची सहीही गेली. छापखान्यातलं लाल '॥ श्री ॥' तेवढं वर जसंच्या तसं होतं.

"काय राह्यलंय ह्यात?" तिने विचारलं.

"देवाचं नाव."

कांताने त्या कागदाची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या स्टोव्हच्या आखूड पायाखाली सारली. "बरं केलंत," ती म्हणाली. "उद्या कामाला जायाचंय ना?"

"जायाला हवं," सीताराम म्हणाला. "एकशे नव्व्याण्णव राम काढायचे राह्यलेत."