खाणीच्या टेकडीवरची नावं

त्सुनामीत जपानच्या किनाऱ्यावरच्या एका गावातलं बौद्ध मंदिर वाहून गेलं आणि तिथे जपलेल्या घराघरांच्या वंशावळीही गेल्या. पुढच्या वर्षी भूशास्त्रज्ञ कश्मिरा पेंडसे सेंदाई शहरातल्या विद्यापीठातून तिथल्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणी तपासायला आली, तेव्हा निवृत्त शिक्षक सुगावारा-सान तिला भेटले.

"खाणकामगारांची थडगी टेकडीवर शाबूत आहेत," ते म्हणाले. "पण अक्षरं झिजलीत. तुम्ही दगडांतल्या जाणकार. काही करता येईल?"

कश्मिराने दगड ओले केले आणि आरशाने त्यांच्यावर तिरकं ऊन पाडलं. बुजलेली अक्षरं हळूहळू उठून दिसू लागली. सुगावारा-सान एकेक नाव मोठ्याने वाचत गेले. एका दगडापाशी मात्र ते थबकले.

"सुगावारा तोराकिचीची बायको, किकु," त्यांनी वाचलं. "तोराकिची माझे पणजोबा. पणजीचं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं."

"माझ्या पणजीचं मलाही ठाऊक नाही," कश्मिरा म्हणाली.

सुगावारा-सान यांनी दगडावर हात ठेवला. मग म्हणाले, "माझी मुलगी युमी त्सुनामीपासून अजून सापडलेली नाही. तिच्या नावाचा दगड उभारला तर मीच तिची वाट बघणं सोडलं, असं होईल, म्हणून थांबलो होतो. पण हा दगड नसता, तर किकु कायमची हरवली असती."

थंडी पडायच्या आत त्यांनी किकुशेजारी युमीचा दगड बसवला. खाली पुरायला काहीच नव्हतं. कश्मिराने उदबत्ती लावली आणि दोघांनी हात जोडले.