हरबाजीच्या भारोभार

"मंग उठला का नाई तो?" रंगूबाईनं विचारलं.

रामकिसन गुडघ्यावर पसरलेल्या वर्तमानपत्राकडे बघत राहिला. तो जऊळक्याच्या स्टेशनावर रूळ बदलणारा सांधेवाला होता. अकोल्याकडची गाडी निघून गेली होती, फलाट मोकळा झाला होता, आणि लिंबाखाली त्याच्याभोवती पाच-सात माणसं उकिडवी बसली होती.

"नाई उठला वैनी," तो म्हणाला. "चौथ्या चौकटीतबी खाटेवरच हाय. वैद्यानं नाडी धरली. छत्री खुटीले टांगेल हाय."

"बोलला काई?"

"काई नाई. खाली लिहेल हाय, पुढच्या आठवड्यात पाहा."

"झाडावरून पडला, हिरीत पडला, म्हशीनं शिंगावर घेतला," चहाच्या दुकानाचा जगदेव म्हणाला. "पर छत्री कधी हातची सुटली नोयती बाप्पा त्याची."

एरवी यावर सगळे हसले असते. आज कोणी हसलं नाही.

हरबाजी हा कागदावरचा माणूस. बुटका, गुडघ्यावर धोतर, डोक्यापेक्षा पागोटं मोठं आणि काखेत फाटकी छत्री. दहा-अकरा वर्षं तो दर आठवड्याला चार चौकटींत येत होता. पहिल्या चौकटीत कुठेतरी कामाला लागायचा, चौथीत काम सुटलेलं असायचं, आणि तो छत्री उघडून पुढच्या गावाच्या वाटेला लागायचा. त्याला कोण काढतं हे जऊळक्यात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारावं असंही कोणाला वाटलं नव्हतं. पोळ्याला मातीचे बैल कोण घडवतो हे कुठे कोण विचारतं?

साप्ताहिक यायचं स्टेशनमास्तरांच्या नावानं. रंगूबाईचा नवरा गुलाबराव त्यांच्याकडे वांगी-मेथी पोचवायचा आणि येताना त्यांचं वाचून झालेलं वर्तमानपत्र घेऊन यायचा. स्टेशनाच्या मागेच गुलाबरावाचा मळा होता. दिवेलागणीला मोट सुटली, बैल गोठ्यात गेले, की तो ओट्यावर बसून आवाज बदलून बदलून वाचायचा. सावकाराचा जाड, पाटलाच्या बायकोचा चिरका, आणि हरबाजीचा अगदी त्याचा स्वतःचा.

रंगूबाईला अक्षर येत नव्हतं. पण चित्रावर बोट ठेवून ती विचारायची, "अवो, यानं जेवण केलं का?"

"करीन कुठंबी."

"थंडी पडली अन् आंगात बंडी नाई त्याच्या. म्हातारपणी छाती धरीन."

"मंग आता काय मी शिवून देऊ?"

"तुमीच लाडावून ठेवलं त्याले. एका कामावर टिकत नाई."

"तुह्याच हातचं खाते ना तो!" गुलाबराव म्हणायचा. त्यांच्या पोटी मूलबाळ नव्हतं. त्याविषयी घरात कधी शब्द निघाला नाही. हरबाजीविषयी मात्र रोज निघायचा.

पटकीच्या साली गुलाबराव सकाळी मोटेवर होता आणि संध्याकाळी नव्हता. नवस बोलायला सुद्धा रंगूबाईला उसंत मिळाली नाही. तेरावं झाल्यावर ती घराबाहेर पडेनाशी झाली. वांगी झाडावर पिकून पिवळी पडली. मग एके दिवशी रामकिसन मळ्याच्या कुंपणाशी उभा राहिला आणि त्यानं हाक मारली, "वैनी, हरबाजी आला."

ती पदर सावरून उठली. पाटीत चार जुड्या भाजी टाकून फलाटावर गेली. तेव्हापासून दर आठवड्याला ती लिंबाखाली, पुरुषांपासून थोडी अलीकडे, पाटी पुढे ठेवून बसायची. चित्र आधी तिला दाखवल्याशिवाय रामकिसन वाचायला सुरुवात करत नसे.

त्या संध्याकाळी, हरबाजीला खाटेवर टाकून ती घरी आली. देवापुढे दिवा लावला आणि पोहऱ्याच्या देवीकडे तोंड करून हात जोडले. काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. पण जन्मभर आजूबाजूच्या बायांच्या तोंडून ऐकलेला, लेकरू तापानं फणफणलं की सहज निघणारा तोच नवस तिच्या तोंडून निघाला.

"माये, उठव त्याले. त्याच्या भारोभार गूळ वाटीन तुह्या दारात."

पुढच्या आठवड्याचा अंक हातात घेतल्याबरोबर रामकिसनच्या लक्षात आलं, तो हलका होता. त्यानं पानं उलटली, पुन्हा उलटली. हरबाजी नव्हता. लढाईच्या बातम्या होत्या, आणि शेवटच्या पानावर एका कोपऱ्यात बारीक टाइपात दोन ओळी होत्या. त्या त्यानं मोठ्यानं वाचल्या: कागदाच्या टंचाईमुळे पाने कमी करावी लागत असून चित्रे पुढील सूचनेपर्यंत बंद ठेवली आहेत.

"म्हंजे?" रंगूबाईनं विचारलं.

"म्हंजे कागद नाई वैनी. लढाई सुरू हाय ना. सरकारनं कागद धरला."

"अन् तो?"

"तो..." रामकिसननं पानाची घडी घातली. "तो हाय तसाच हाय."

"लढाई सरेलोक खाटेवरच पडला राहीन का बिचारा?" जगदेव म्हणाला. "त्यापरिस मेलेलं बरं."

"तुह्या जिभेले काई हाड हाय का बे?" रामकिसन एकदम ओरडला.

पुढे चहाच्या दुकानात महिनाभर हाच विषय. कोणी म्हणे, हरबाजी गेला, पण लोक हळहळतील म्हणून छापत नाहीत. कोणी म्हणे, वैद्यानं नाडी धरली म्हणजे नाडी होती. रामकिसननं छापखान्याच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. त्याला काही उत्तर आलं नाही.

रंगूबाई मात्र कोणाशी बोलत नव्हती. तिच्या मळ्यात विहिरीच्या अंगाला थोडा ऊस असायचा. त्या वर्षीचा ऊस दिराच्या गुऱ्हाळात गेला, आणि तिच्या वाट्याच्या गुळाच्या ढेपा घरी आल्या. दरवर्षी त्या बाजारात जायच्या, आणि त्यावर तिचं मीठ-मिरची, लुगडं, बैलांची सरकी असं सगळं चालायचं. यंदा तिनं त्या घोंगडीत गुंडाळून ठेवल्या.

तिची थोरली जाऊ सोजरबाई वास काढत आलीच.

"कायले ठेवल्या वं ह्या?"

"नवस हाय, बाई."

"कोनाचा?"

रंगूबाईनं सांगितलं. सोजरबाईनं कपाळावर हात मारला.

"कागदावरच्या मानसाचा? अन् तोबी उठला का मेला ठाव नाई! रंगू, नवस काम झाल्यावर फेडतेत. झालं का तुहं काम?"

"कोनाले ठाव?"

"मंग काहून फेडतं?"

रंगूबाई घोंगडीचं टोक सरळ करत राहिली. "मी नवस फेडला नाई, तं तो गेला असं म्याच म्हटल्यासारकं होते. मले नाई म्हनवत. घरचे तं जितेजागते होते, त्याइच्यासाठी आपल्याच्यानं काई झालं नाई."

सोजरबाई लुगडं झटकत उठली. जाता जाता ती म्हणालीच, "सालभर काय खाशीन मंग?"

"भाजी हाय की."

गोष्ट दुकानात पोचायला वेळ लागला नाही. रंगूबाई पाटी घेऊन पुढून चालली तेव्हा जगदेवनं हाक दिली. "वैनी! भारोभार म्हंजे कसं करता? तो तं कागदाचा! कागद ठेवजा एका तागडीत, अन् दुसऱ्या तागडीत चिमूटभर गूळ. झाला नवस!"

बाकावरची माणसं हसली. रंगूबाई थांबली.

"जगदेवभाऊ," ती म्हणाली, "तुमी दर आठवड्याले दुकान उघडं टाकून पयत येत होते, ते कागद पाह्याले येत होते का?"

आणि ती पुढे गेली. जगदेव हातातला कप विसळायला वाकला.

रामनवमीच्या यात्रेला जगदेवची बैलगाडी पोहरादेवीला जायची होती. निघायच्या आदल्या दिवशी तो स्वतः मळ्यात आला, ढेपा उचलून गाडीत ठेवल्या, त्यांच्या खाली वाळलं गवत अंथरलं. सकाळी बैलगाडी स्टेशनावरून निघाली तेव्हा रामकिसननं ती हात करून थांबवली. त्याला पाळी सोडून येता येत नव्हतं. त्यानं दोन नारळ रंगूबाईच्या पदरात ठेवले.

"हा माह्याकडून वाहजा," तो म्हणाला. "अन् हा मास्तरसायबाचा."

दोन मुक्काम करून ती पोहोचली. देवळासमोरच्या माळावर बंजाऱ्यांच्या तांड्या-तांड्यांची माणसं उतरली होती. आरशांच्या चोळ्या, हस्तिदंती बांगड्या, होमाचा धूर, रडणारी पोरं. एका बाजूला तीन बल्ल्यांच्या तिकाटीला मोठी तागडी टांगलेली होती. सेवादास नावाचा पांढऱ्या मिशांचा माणूस ती सांभाळत होता. एका पारड्यात लेकरू बसवायचं, दुसऱ्यात गूळ चढवायचा, पारडी समान झाली की देवीचा जयजयकार. लेकरं भेदरून आईचा पदर सोडत नसत, आणि आया रडत-हसत त्यांची बोटं सोडवत.

रंगूबाईची पाळी आली. जगदेवनं ढेपा आणून ठेवल्या.

"लेकरू कोठी हाय, माय?" सेवादासनं विचारलं.

"नाई आणलं."

"काहून?"

"खाटेवर हाय अजून. चालवत नाई."

"किती सालाचं?"

"दहा-अकरा सालं झाले त्याले."

जगदेव खाली बसून ढेपांना चिकटलेलं गवत झाडू लागला.

"मंग माय, तूच बैस त्याच्या जागी," सेवादास म्हणाला. "लेकराचा भार माय उचलते. देवीले चालते. नाव सांग, म्हंजे पुकारतो."

"हरबाजी."

"बापाचं?"

रंगूबाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला. नवऱ्याचं नाव लग्नात मैत्रिणींनी अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर जन्मभर 'अवो' आणि 'आमच्या घरचे'. तो गेला त्या दिवशी आक्रोशातसुद्धा तिनं त्याचं नाव उच्चारलं नव्हतं.

"गुलाबराव," ती म्हणाली.

"हरबाजी गुलाबराव!" सेवादासनं आभाळाकडे तोंड करून पुकारलं. "देवी, याले औक्ष दे!"

आजूबाजूच्या अनोळखी माणसांनी जयजयकार केला. काही बायांनी हात जोडून कपाळाला लावले. तिच्या लेकरासाठी.

ती पारड्यात बसली. दोन्ही हातांनी दोर धरले. जगदेवनं एक ढेप ठेवली, दुसरी ठेवली, आणि तिचं पारडं हळूच जमिनीपासून उचललं गेलं. तिसरी ठेवल्यावर ती चांगलीच वर गेली. तिचे पाय लोंबकळू लागले.

"जास्त झाला, माय," सेवादास म्हणाला. "तुह्या आंगावर काई नाई. एक ढेप काढून घे, घरी ने."

"राहू द्या," ती वरून म्हणाली. "त्याचा भार जास्त हाय."

सेवादासनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्यानं दगड घेतला आणि पारड्यातच ढेप फोडायला सुरुवात केली. पोरं गोळा झाली. एकेकाच्या पसरलेल्या हातावर गुळाचा खडा पडू लागला. जगदेवही खाली बसून वाटू लागला. "घे रे, तूबी घे. हरबाजीचा गूळ हाय." म्हाताऱ्या बाया पदर पसरून आल्या. एका बाईनं खडा तोंडात टाकला आणि कडेवरच्या लेकराच्या ओठांना बोट लावलं.

रंगूबाई दोर धरून बसली होती. खालचा गूळ कमी कमी होत चालला, तसं तिचं पारडं वीत-दोन वीत खाली येऊ लागलं. मध्येच थांबायचं, पुन्हा खाली यायचं. तिनं घाई केली नाही. तिचे पाय मातीला टेकले, मग उरलेला गूळही वाटून झाला, पोरं पांगली आणि समोरच्या पारड्यात फक्त गुळाचा चुरा उरला. तरी ती थोडा वेळ तशीच बसून राहिली, मांडीवर निजलेलं कोणी जागं होऊ नये म्हणून बसतात, तशी.