टाकीची उजवी बाजू

दिवसभर लोकांच्या दातांना भोकं पाडणाऱ्या बाईला वाटतं, भोक पाडण्यात आपला हात धरणारं कोणी नाही. ती बाई मी. म्हणून माशांचा दुकानदार जेव्हा म्हणाला, "टाकीला बाहेरून ओव्हरफ्लो लावावा लागेल, माणूस पाठवतो," तेव्हा मी त्याच्याकडे बघून हसले. टाकी ॲक्रिलिकची, आणि कवळ्याही ॲक्रिलिकच्याच. मी ते रोज कापते, घासते, चिकटवते. "माणूस कशाला? मी आहे ना," मी म्हटलं. दुकानदाराने मान डोलावली. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये एवढं त्याला कळत होतं.

टाकी बाबांची, खरं तर आईची. आई गेल्यावर मी बाबांना आमच्या घरी आणलं, तेव्हा ते एक बॅग आणि ही टाकी घेऊन आले. टाकीत एकच मासा, नारिंगी, तळहाताएवढा, तोंड कायम वाकडं. खातो आणि रुसून बसतो, म्हणून आईने त्याचं नाव जावईबापू ठेवलं होतं. माझ्या नवऱ्याला हे माहीत आहे. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही, निदान तसं दाखवलं तरी नाही.

बाबांनी आल्याआल्या बजावलं होतं, "जावईबापूंना इथलं मानवलं तर राहू. नाहीतर आम्ही दोघं आपले घरी." घरी म्हणजे रिकाम्या घरी, जिथे बाबा गॅसवर दूध ठेवून विसरतात. बॅगही त्यांनी रिकामी केली नव्हती. लागेल तो शर्ट काढायचे आणि पुन्हा चेन लावायचे.

आणि जावईबापूंना काही मानवेना. पाण्यावर तेलकट साय धरू लागली, मासा वर येऊन धापा टाकू लागला. मी धसकाच घेतला. दवाखान्यातून आले की आधी टाकीपाशी. "बाबा, आज कसा आहे तो? खाल्लं का?" विचारायचं आणि उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात. ही धंद्याची सवय. पेशंटच्या तोंडात माझी बोटं असतात आणि मी त्याला नोकरीपासून मुलांच्या परीक्षेपर्यंत सगळं विचारत असते. उत्तर येणार नसतंच.

काम तसं सोपं. टाकीच्या एका बाजूला, वरच्या काठाजवळ आडवी खाच कापायची आणि बाहेरून तिच्यावर डबा चिकटवायचा. वरचं तेलकट पाणी खाचेतून डब्यात पडतं, डब्यातून पाइपने खाली गाळणीत जातं आणि स्वच्छ होऊन पंपाने परत वर येतं. डबा आत लावला तर जावईबापूंची जागा अडली असती, म्हणून बाहेरून. तो उजव्या बाजूला, कपाटाच्या आड लावायचा ठरला. डावीकडे बाबांची खुर्ची होती.

रविवारी जावईबापूंची रवानगी टबात झाली. रिकामी टाकी जेवणाच्या टेबलावर आली. मी ॲप्रन, हातमोजे, चष्मा असा सगळा साज चढवला. नवरा टॉर्च धरून उभा. ड्रिल हळू चालवायचं, वरून पाणी सोडत राहायचं, नाहीतर ॲक्रिलिक वितळतं, तडकतं, हे मी त्याला इतकं समजावलं की टॉर्च धरायलाही डिग्री लागते असं त्याला वाटलं असावं. खूण केली. "बरोबर आहे ना, बाबा?" मी विचारलं.

"अगं, पण..." बाबा म्हणाले, आणि मी ड्रिल चालू केलं.

खाच सुरेख झाली. कुठे तडा नाही, कुठे खरखर नाही. मी तिची कड कवळीसारखी चकचकीत केली, स्वतः बोट फिरवून पाहिलं, नवऱ्याला फिरवायला लावलं. डबा चिकटवला, जोड रात्रभर वाळू दिला. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही दोघांनी टाकी उचलून जागेवर ठेवली. मग नवरा अगदी हळू आवाजात म्हणाला, "कपाट त्या बाजूला आहे."

दातांच्या डॉक्टरला उजवं म्हणजे पेशंटचं उजवं. समोर बसलेल्याचं उजवं आपल्या डावीकडे येतं, आणि ते हातात इतकं भिनलेलं असतं की विचार करावा लागत नाही. मी केलाच नाही. टाकीला पेशंट समजून मोकळी झाले. इतक्या वर्षांत मी एकदाही चुकीचा दात काढलेला नाही. ती सगळी कसर टाकीवर भरून निघाली.

टाकीची मागची बाजू निळी रंगवलेली, त्यामुळे ती फिरवूनही ठेवता येईना, आणि पुन्हा दुसरीकडे कापायचं धाडस माझ्यात उरलं नव्हतं. डबा राहिला बाबांच्या खुर्चीला खेटून. पाणी भरलं, पंप लावला, आणि डबा गुळण्या करू लागला. खळखळ, गुडगुड, मग एक मोठी उचकी. पाइपच्या टोपणाला हवेसाठी बारीक भोक लागतं, ते पाडायचं राहिलं होतं. माझ्याकडून. भोक पाडायचं.

"अगं, जरा..." खुर्चीतून बाबा म्हणाले.

"होईल बंद, बाबा," मी म्हटलं आणि हातमोजे चढवून भोक पाडायला धावले. त्या गडबडीत डब्यातलं निम्मं पाणी माझ्या पायांवर सांडलं.

आवाज कमी झाल्यावर जावईबापूंना टाकीत सोडलं. ते तडक पलीकडच्या कोपऱ्यात गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. दाणे टाकले, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. बाबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते. मग उठले आणि खोलीत गेले. आतून बॅगेची चेन वाजली.

मी तशीच ओल्या पायांनी आत गेले. बाबा पलंगावर बसले होते, उघडी बॅग मांडीवर.

"बाबा, त्याला थोडे दिवस द्या," मी म्हटलं. "मी दुकानदाराचा माणूस बोलावते, नवी टाकी आणते. तो रुळेल. आणि नाही रुळला तर खड्ड्यात गेला तो मासा. तुम्ही जाऊ नका. मला तुम्ही इथे हवे आहात." एवढं बोलून मी चक्क रडायला लागले, हातमोजे घालून.

"मी टॉवेल काढत होतो," बाबा म्हणाले. "पाय बघ तुझे." त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "आल्यापासून माशाला मानवतंय का विचारतेस. मला विचारलंस कधी?"

मी हातमोजे काढले. पाय पुसायचे मात्र राहिले.

"बाबा, तुम्हाला मानवतंय का इथे?" मी विचारलं, आणि तोंड मिटून उभी राहिले. बाबा बॅगेच्या चेनशी चाळा करत होते. मधे मधे उत्तर भरायला माझी जीभ वळवळली, पण मी ती दातांखाली दाबून धरली.

"तुझ्या आईशिवाय मला कुठेच करमत नाही," शेवटी ते म्हणाले. "पण इथे बरं आहे." त्यांनी बॅगेतून एकेक शर्ट काढून पलंगावर ठेवायला सुरुवात केली. "फक्त माझी खुर्ची जरा सरकव. त्या डब्यातून खांद्यावर पाणी उडतंय. मघापासून तेच सांगतोय."