श्वासाची जागा

मधल्या संगीताची बेचाळीस सेकंदं होती. तोवाको शिराने यांनी ती इतक्या वेळा मोजली होती, की आता घड्याळ लागत नसे. दुसरं कडवं संपलं की किमोनो सांभाळत मंचाच्या तीन पायऱ्या उतरायच्या, माईक उजव्या हातात ठेवून डाव्या हाताने पहिल्या रांगेतल्या सात-आठ जणांचे हात हातात घ्यायचे, आणि अडतिसाव्या सेकंदाला माईक ओठांशी. कारण बेचाळिसाव्या सेकंदाला त्यांचा आवाज सुरू होई. त्या गात नसल्या तरीही.

वसंतात स्वरतंतूंवरची गाठ काढली, तेव्हापासून शेवटच्या कडव्यातला वरचा सूर लागत नव्हता. साथीच्या ध्वनिमुद्रणात कुराउचीने तेवढ्या कडव्यापुरता त्यांचा जुना आवाज बसवून दिला होता. तो बावीस वर्षं त्यांची ध्वनियंत्रणा सांभाळत होता.

"दोन सूर खाली उतरवू या ना पट्टी," आज सकाळी रंगपटात तो म्हणाला. "गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबायला आलेली माणसं ती. कुणाच्या बापाला कळतंय?"

"इथे आकिता भागात कळतं. निम्मे लोक कराओकेच्या क्लासला जातात. पट्टी उतरली की गायिका संपली म्हणतात."

"आणि हे कळलं तर?"

ओसाकाची एक गायिका अशीच पकडली गेली होती. तिचं नाव आता कुणी घेत नव्हतं.

"मी बटणावर बोट ठेवून बसतो," कुराउची म्हणाला. "मान हलवलीत तर आवाज काढून टाकीन. पण मग गावं तुम्हालाच लागेल, तोवाको-सान."

बाराच्या खेळाला हॉटेलचं सभागृह भरलं होतं. आंघोळ करून आलेली माणसं हॉटेलनेच दिलेल्या युकातांमध्ये, म्हणजे सुती झग्यांमध्ये, पुढ्यात जेवणाची तबकं घेऊन बसली होती. बाहेर बर्फ पडत होता. दोन कडवी नीट झाली. तोवाको खाली उतरल्या.

तिसऱ्या खुर्चीवर एक म्हातारी होती. पांढरे केस, युकातावर राखाडी स्वेटर. काल होती, परवाही होती. तिने तोवाकोंचा डावा हात धरला आणि दुसऱ्या हाताने माईक धरलेलं मनगट.

"गार पडलेत हो हात, आजी," तोवाको सवयीने हसल्या. चोवीस.

"मी गाणं शिकवते, मुली. चौदा बायका आहेत क्लासला. सध्या तुमचंच हे घेतलंय."

"अगं बाई. मग माझ्यापेक्षा बरंच म्हणत असाल."

म्हातारी हसली नाही. "शेवटच्या कडव्यात, त्या वरच्या सुराआधी श्वास कुठे घ्यायचा, ते बघायला परवा आले. परवा तुम्ही जिथे घेतलात, कालही तिथेच. तसाच, तेवढाच. केसाचाही फरक नाही." तिने आवाज आणखी खाली आणला. "जिवंत माणूस असा श्वास घेत नाही."

एकतीस. तोवाकोंनी मनगट ओढून पाहिलं. बोटं हाडकुळी होती, पण पकड सुटेना. मागे लोक ठेक्यावर टाळ्या देत होते.

"आजी, सोडा. गाणं सुरू होईल."

"होऊ दे. कोण गातंय ते बघू."

पस्तीस. माईक कमरेपाशी होता. तो असा खाली असताना आवाज सुरू झाला, की दोनशे माणसांना कळणार होतं. तोवाकोंनी सभागृहाच्या मागच्या टोकाला पाहिलं. कुराउची यंत्रामागे उभा राहिला होता. त्याचा चेहरा इतक्या दुरूनही पांढरा दिसत होता. सदतीस. त्यांनी मान हलवली.

म्हातारीने त्यांच्या नजरेच्या दिशेने वळून पाहिलं, आणि मनगट सोडलं.

बेचाळिसाव्या सेकंदाला फक्त वाद्यं वाजली. तोवाकोंनी माईक वर घेतला. पहिल्या ओळी खालच्या सुरात होत्या, निभावल्या. पण छातीत एवढं धडधडत होतं, की वरच्या सुराच्या दोन शब्द आधीच दम संपला आणि त्यांना भलत्याच जागी श्वास घ्यावा लागला. सूर वर चढला, अर्ध्यावर फाटला, आणि नंतर नुसती हवा आली. सभागृहात चॉपस्टिक थांबल्या. उरलेली ओळ त्यांनी कशीबशी पुरी केली. टाळ्या आल्या, पण उशिरा, आणि मागच्या बाजूने.

म्हातारीने टाळी वाजवली नाही. गाण्याचा घडी घातलेला कागद मांडीवर उलगडून ती पेन्सिलीने दोन शब्दांच्या मध्ये एक बारीक खूण करत होती.

रंगपटात कुराउचीने दार लावून घेतलं. "तीनच्या खेळाला काय करू? आवाज घालू परत?"

"नको. पट्टी दोन सूर खाली उतरव."

"लोक बोलतील."

"बोलू देत."

तो जरा घुटमळला. "त्या आजी जागेवरून हलल्या नाहीत. तिथेच चहा मागवलाय त्यांनी."

तोवाकोंनी बाही मागे सारली. मनगटावर चार बोटं लाल उठली होती. त्यांनी कोमट पाण्याचा एक घोट घेतला आणि शेवटचं कडवं खालच्या पट्टीत गुणगुणायला लागल्या. तीन वाजायला अजून दीड तास होता.